नाव टाका, चेहरा काढा : एका खान्देशी भयपटाचं प्रकरण

एकाच चित्रपटातल्या दोन कलाकारांनी एकाच माणसाकडे दोन उलट मागण्या केल्या. एकाचं म्हणणं, माझं नाव कुठेच नाही, ते टाका. दुसरीचं म्हणणं, माझा चेहरा सगळीकडे फिरतोय, तो काढा. चित्रपट व्हीसीडीच्या जमान्यातला, अर्धा अहिराणी अर्धा हिंदी, भुताखेतांचा. खर्च इतका की त्यात आज एका लग्नाची शूटिंगही निघणार नाही. आणि ज्याच्याकडे या मागण्या गेल्या तो ना निर्माता, ना दिग्दर्शक. जुन्या व्हीसीडी गोळा करून यूट्यूबवर चढवणारा तालुक्याच्या गावातला एक पोरगा.

मी या भानगडीत शिरलो मुलाखतकार म्हणून. जळगाव जिल्ह्यातल्या काही तरुणांनी या चित्रपटाचा जाहीर खेळ लावायचं ठरवलं. कलाकारांना मंचावर बसवायचं, आठवणी सांगायला लावायच्या, लोकांनी पोट धरून हसायचं, असा बेत. गप्पा घडवून आणायचं काम माझ्याकडे आलं. माणसांची नावं, गावं आणि चित्रपटाचं शीर्षक मी इथे देत नाही. कारण पुढे येईलच.

पौषातला सिनेमा

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी 1869 साली तो जिल्हा निघेपर्यंत ते खान्देशात होतं, आणि सिनेमाच्या बाबतीत मी तरी त्याला अजून खान्देशातच धरतो. तिथे शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. पॉवरलूमवरची माणसं, शुक्रवारची सुट्टी, मागून आणलेले कपडे. 2008 मध्ये फैजा अहमद खान यांच्या माहितीपटानं ते जगाला दाखवलं. आमच्या चित्रपटाचे दिग्दर्शक लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर पोट भरणारे. मालेगावची एक डिस्क त्यांच्या हाती लागली आणि त्यांनी मनाशी म्हटलं, कॅमेरा तर आपल्याकडेही आहे.

कॅमेरा होता, पण मोकळा कधी? पौषात. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे कॅमेरा रिकामा, हॅलोजन रिकामे, शूटिंगवालाही रिकामा. म्हणून हा सगळा सिनेमा ऐन थंडीत झाला. त्यातून काळ लोडशेडिंगचा. शेतीपंपाची वीज रात्री यायची, त्यामुळे केळीच्या बागांना पाणीही रात्रीच सोडलेलं. ज्या बागेत राक्षसानं कॉलेजच्या पोरींमागे धावायचं, तिथे घोटाभर चिखल. कलाकारांच्या आठवणींत पहिली येते ती ही थंडी आणि हा चिखल. भुताची आठवण कुणीच आपणहून काढली नाही.

गोष्ट नेहमीचीच. पडकी गढी, पुरलेलं मायाधन, पिढ्यांपूर्वी मारलेली एक डाकीण, तिचा ताबेदार राक्षस, शहरातून जीपमधून आलेली चार पोरं, आणि मंत्र विसरणारा भगत. गढीतली जळमटं म्हणजे जिनिंगमधून आणलेला कापूस, पिंजून कोपऱ्यांत ताणलेला. रक्त म्हणजे गुळाच्या पाकात कालवलेलं कुंकू. त्याला मुंगळे लागायचे, म्हणून 'मेलेल्या' माणसाला फार वेळ मेलेलं राहता यायचं नाही. पांढरी साडी एकच होती. पहिल्याच रात्री तिला केळीचा चीक लागला. केळीचा चीक निघत नाही हे खान्देशात लहान पोरालाही ठाऊक. मग पुढच्या प्रसंगांत त्या काळ्या डागांवरच कुंकवाचा पाक ओतला गेला. चित्रपटभर साडी रक्तानं माखलेली आहे ती अशी, चीक झाकायला.

पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत डिस्क विकायला आल्या. घोडेबाजाराच्या गर्दीत त्या बऱ्या खपल्या असं दिग्दर्शक सांगतात. मग मोबाइल आले, व्हीसीडी प्लेअर माळ्यावर गेले, आणि चित्रपट लोक विसरले.

मुखवट्याआडचा

राक्षस झालेले काका जिनिंगमध्ये हमाल होते. उंचीमुळे निवड झाली. रात्रीचे दीडशे रुपये आणि शेवभाजी-भाकरी असं ठरलं होतं. मुखवटा गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यानं बनवला: कागदाचा लगदा, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, केसांच्या जागी अंबाडीचे तंतू. डोळ्यांची भोकं चुकीच्या जागी पडली. त्यामुळे काकांना दिसायचं ते फक्त मुखवट्याच्या उघड्या जबड्यातून, आणि पुढचं दिसावं म्हणून मान मागे टाकून चालावं लागायचं. राक्षसाची ती मान वर करून हुंगत चालण्याची ढब, जिचं कॉमेंटमध्ये कौतुक होतं, ती अशी आली.

व्हायरल झालेला तुकडा याच काकांचा. केळीतून धावताना मुखवटा फिरतो, जबडा कानाशी जातो. आंधळा झालेला राक्षस चिखलात रुततो, पाय निघतो पण चप्पल राहते. चार पावलं पुढे जाऊन तो वळतो, वाकून चप्पल उपसतो, झटकतो, पायात घालतो आणि डरकाळी फोडून पुन्हा धावू लागतो. कॅमेरा चालूच. टेप कमी होती, हॅलोजन कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून तोच शॉट ठेवला.

याची लाज वाटली का, असं मी विचारलं. काका उडालेच. "चप्पल नवी व्हती ना भो!" त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. उलट तो तुकडा फिरायला लागल्यापासून ते खुशीत आहेत. इतकी वर्षं गावात सांगत होते की त्या पिक्चरमधला राक्षस मीच, आणि लोक म्हणत, हो, आणि मी अमिताभ. आता भाच्यानं चालीवरून ओळखलं, मग दुसऱ्यानं चपलेवरून, आणि काका मोबाइल घेऊन दारोदार फिरले: "हाऊ मीच शे, देखा!"

श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. 1931 च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये सुरुवातीच्या यादीत राक्षसापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं आणि बोरिस कार्लोफचं नाव शेवटच्या यादीत आलं, हे आमच्या दिग्दर्शकांना ठाऊक नव्हतं. युक्ती मात्र त्यांनी स्वतंत्रपणे तीच लढवली. सुरुवातीला 'राक्षस : ???' आणि शेवटी खरं नाव. फक्त झालं असं की व्हीसीडीवर फार तर 74 ते 80 मिनिटं मावतात, चित्रपट दोन डिस्कांतही बसेना, आणि एडिटिंगवाल्यानं शेवटची नावं कापून टाकली. राक्षसाच्या पुढची प्रश्नचिन्हं तेवढी कायमची राहिली.

मुखवट्याआडच्या नटाचं दुखणं जगभर असंच दिसतं. 'टेक्सास चेन सॉ मॅसेकर' या अमेरिकी भयपटाचं चित्रीकरण 1973 च्या उन्हाळ्यात झालं. त्यात लेदरफेस, म्हणजे मुखवटेवाला खुनी, झालेले गुन्नार हान्सन यांच्याकडे कपड्यांचा एकच जोड होता. शर्टाचा रंग जाईल म्हणून तो अखेरपर्यंत धुतला नाही, आणि बाकीचे कलाकार जेवताना त्यांच्यापासून लांब बसत. पडद्यावर त्यांचा चेहरा एकदाही दिसत नाही. पुढे 2013 मध्ये त्यांनी त्या चित्रीकरणावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला ते स्वाभाविक वाटतं. ज्याचा चेहरा दिसला नाही त्याला 'मीच तो' हे कधीतरी सांगावंच लागतं, आणि सांगायला त्याच्याकडे घाम आणि वास एवढाच पुरावा असतो. काकांकडे निदान चप्पल होती.

उघडा चेहरा

डाकीण झालेल्या ताईंनी आधी बोलायलाच नकार दिला. आयोजकांचा तर्क ठरलेला: सासरचे सोडत नसतील, नाहीतर जुन्या कामाची लाज वाटत असेल. तेव्हा त्या विशीतल्या, अहिराणी गाण्यांच्या अल्बममध्ये नाचणाऱ्या. आज सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस. बाई संसाराला लागली की रंगमंच विसरते, हे आपल्याकडे कुणालाही पटकन पटतं, म्हणून कुणी पुढे विचारलंच नाही.

खरं कारण निराळं होतं. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. त्यात पौषातल्या रात्रीचं धुकं. मूळ डिस्कवर ताईंचा चेहरा ओळखणं त्यांच्या आईलाही जड गेलं असतं. अपलोड करणाऱ्या पोरानं सॉफ्टवेअर वापरून चित्र 'एचडी' केलं. चेहरा लख्ख झाला. मग त्यानं त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा वेगळा काढला आणि व्ह्यूजसाठी वर मथळा ठोकला: 'असली डाकीण कॅमेऱ्यात कैद'. चित्रपटाचं नाव नाही, कलाकाराचं नाव नाही, हा सिनेमा आहे याचा पत्ताही नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात गंमत दिसेल. नंदुरबार, धुळे, जळगावच्या डोंगरपट्ट्यात डाकीण हा गंमतीचा विषय नाही. पोर आजारी पडलं, गुरं मेली, की एखाद्या बाईकडे बोट जातं. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही घेतले गेले आहेत. 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. पण आधी कुजबुज होते, पोलीस ठाण्यापर्यंत गोष्ट जायची तर नंतर.

ताईंच्या गावात एका मुलाला ताप-उलट्या झाल्या. कुणीतरी मोबाइल पुढे केला. आधी हसण्यावारीच. मग दोन घरांनी पोरांना अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. घरीच खाऊ घालतो, म्हणाले. खिचडी ताईच शिजवतात. एवढंच घडलं, आणि हे 'एवढंच' केवढं आहे हे त्या पट्ट्यातल्या बाईला सांगावं लागत नाही.

आयोजकांपैकी एकानं ऐकून विचारलं, "मग काम तरी कशाला केलं असलं?" असा प्रश्न हिरोला कुणी विचारला नाही, राक्षसालाही नाही.

मला खात्रीनं वाटतं की ताईंना कामाची लाज अजिबात नव्हती. ते कळलं, कारण भीती-बिती सोडून मी त्यांना कामाबद्दल विचारलं. डाकिणीची चाल कशी केली?

त्यानंतर त्या किती वेळ बोलत होत्या याचा हिशेब राहिला नाही. डाकिणीचे पाय उलटे असतात. ते दाखवायचे कसे? आधी चपला उलट्या बांधून पाहिल्या, बाई तोंडावर पडली. मग ताईंनीच सुचवलं की मी उलटी चालते, तुम्ही टेप उलटी लावा. वाटतं तेवढं ते सोपं नाही. टेप उलटी चालणार म्हणजे चेहराही उलटा करायचा. पडद्यावर डाकीण शांत येते आणि जवळ आल्यावर खवळते. म्हणून चित्रीकरणात ताईंनी खवळलेल्या चेहऱ्यानं सुरुवात करायची आणि मागे मागे जात शांत व्हायचं. मागे न पाहता, गढीच्या पडक्या फरशीवरून, अनवाणी. टाच दगडावर आपटून फुटली, ते रक्त तेवढं खरं. पदर वाऱ्यानं पुढे यायला नको होता, म्हणून आतून दोरा बांधून तो स्वतःच्या हातात धरलेला.

आणि एक गोष्ट अशी जमली की जी कुणी ठरवली नव्हती. थंडीमुळे तोंडातून वाफ निघत होती. मागून हॅलोजनचा उजेड. टेप उलटी लावल्यावर ती वाफ हवेतून गोळा होऊन बाईच्या तोंडात शिरताना दिसते. मी तो तुकडा त्याआधी पाहिला होता, हसलोही होतो, वाफ मला दिसली नव्हती. ताईंनी दाखवल्यावर मी पुन्हा लावला. ओठ मिटलेले, समोर धुक्याचा एक पुंजका तयार होतो, ओठ उघडतात आणि पुंजका आत ओढला जातो, आणि त्यानंतर डोळे वर येतात. एवढ्या फुटकळ चित्रपटात ही एक जागा अशी आहे जिथे अंगावर खरोखर काटा येतो, आणि ती एका विशीतल्या मुलीच्या डोक्यातून आणि टाचेतून आलेली आहे.

त्यांची तक्रार म्हणून दुहेरी होती. तुकड्याखाली लोक हसतात ते साडीवरच्या डागांना, विगला. "हासा, पन पाय देखीसन हासा," त्या म्हणाल्या. एकीकडे काम कुणी पाहिलं नाही याचा राग, दुसरीकडे चेहरा सगळ्यांनी पाहिला याची धास्ती. दोन्ही एकाच अर्ध्या मिनिटाबद्दल.

1979-80 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 'द इव्हिल डेड' या भयपटाचं चित्रीकरण झालं, तेव्हा बाधा झालेल्या बायका झालेल्या नट्यांनी डोळ्यांत जाड पांढऱ्या काचा घातल्या होत्या. त्या फार वेळ ठेवता येत नसत आणि घातल्यावर जवळजवळ काही दिसत नसे. पुढे संसार, नोकऱ्या करून दशकांनी त्या तिघी, एलन सँडवाइस, बेट्सी बेकर आणि थेरेसा टिली, चाहत्यांच्या मेळाव्यांना एकत्र जाऊ लागल्या, सह्या देऊ लागल्या. हाल सारखेच म्हणायचे. फरक एवढा की त्यांच्या चित्रपटातलं भूत पडद्यावरून उतरून त्यांच्या गल्लीत येण्याची शक्यता नव्हती. आमच्या चित्रपटानं भीती उसनी आणली ती गावातूनच, आणि परतफेड चेहरा दाखवणारीच्या माथी आली.

काका आणि ताई या दोघांच्या मधोमध बसणारा एक माणूस हिंदी भयपटात सापडतो. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला (1984) सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल. रुरकीला शिकलेला इंजिनिअर. त्यांना मुखवट्याची फारशी गरज पडली नाही. उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांवरच ते काम मिळालं. चेहरा हाच मुखवटा झाला की तो घरी गेल्यावर काढून ठेवता येत नाही. पुढे 'बँडिट क्वीन'मध्येही ते दिसले, पण लोकांच्या लेखी ते सामरीच.

बाकीच्यांचं थोडक्यात

हिरो झालेल्या सद्गृहस्थांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं ते हा चित्रपट नाकारत होते. तुकडा गाजल्यावर त्यांनी दुकानावर बॅनर लावला आणि मुलाखतीत ठामपणे सांगितलं की आम्ही हे मुद्दामच विनोदी केलं होतं. दिग्दर्शक शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला शूटिंगची वही दाखवली. राक्षसाच्या पहिल्या प्रवेशापुढे लिहिलंय, 'इथे थेटरात किंकाळी'. मुद्दाम विनोदी करणारा माणूस असं लिहीत नाही.

'ट्रोल 2' हा 1990 चा चित्रपट जगातला एक अतिवाईट चित्रपट म्हणून गाजला. त्यातल्या बालनटानं, मायकेल स्टीव्हनसननं, पुढे 2009 मध्ये त्यावरच माहितीपट केला. त्यात बापाचं काम केलेले जॉर्ज हार्डी हे पेशानं दंतवैद्य, लोक हसतात तर आपणही हसू म्हणून मेळाव्यांना जातात. दिग्दर्शक क्लाउडिओ फ्रागासो मात्र हसणाऱ्या प्रेक्षकांवर चिडतात. अशा चित्रपटांकडे मागे वळून पाहताना नटाला पळवाट असते, मी सांगितलं तेवढं केलं म्हणायला तो मोकळा. दिग्दर्शकाला ती नाही. आणि आमच्या हिरोसारखी आठवण बदलून घेणारी माणसं खोटारडी असतात असंही नाही. दहा वर्षं टर उडवून घेतल्यावर 'आम्हीच उडवली होती' म्हणणं, हा जगण्याचा एक मार्ग आहे. फक्त त्या आठवणीवर चित्रपटाचा इतिहास लिहू नये.

भगत झालेले बुवा तमाशातले सोंगाड्या. त्यांना या सगळ्यात रस नाही. कॅमेऱ्यापुढे हशा कुठे पडला ते कळत नाही, म्हणून त्यांच्या मते ते काम कामच नव्हे. पैसे आगाऊ घेणारे ते एकटेच.

बैठक

आता मागण्यांचं काय झालं ते. आधी कायदा पाहिला. चित्रपटाचा हक्क निर्मात्याचा. निर्माते खत-बियाण्यांचे दुकानदार होते, ते वारले, मुलगा दुकान पाहतो. अपलोड करणाऱ्या पोराकडे नुसती डिस्क होती, म्हणजे हक्क शून्य. कलाकारांपुरतं बोलायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं कलम 38 बी आलं. त्यात दोन गोष्टी आहेत: कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी असा आग्रह धरण्याचा हक्क, आणि बदनामी होईल अशी आपल्या कामाची मोडतोड थांबवण्याचा हक्क. काकांना पहिली हवी होती, ताईंना दुसरी. एकाच कलमाची दोन टोकं. किरकोळ काम करणाऱ्या, नाव न येणाऱ्या माणसाला कायदा कलाकार धरत नाही, पण मोडतोड थांबवण्याचा हक्क त्यालाही ठेवतो. राक्षस काही किरकोळ नव्हे, म्हणून काकांचा दावा पक्का होता. मथळा बदलणं म्हणजे मोडतोड का, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. दोघांनाही कोर्टाची पायरी चढायची नव्हती.

म्हणून बैठक झाली, निर्मात्याच्या मुलाच्या दुकानात, खताच्या पोत्यांमध्ये. अपलोड करणारा पोरगा आधी अकडून होता: मी नसतो तर तुम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. काकांनी मान डोलावली, त्यांना ते पटलं होतं. ताई नव्हत्या आल्या; त्यांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. त्यात आरडाओरडा नव्हता. कुठल्या घरातली पोरं येईनाशी झाली, कोण काय म्हणालं, हे ओळीनं सांगितलं होतं. पोरानं ते ऐकलं. त्याची आजी त्याच पट्ट्यातली निघाली. मथळा त्यानं तिथे बसल्या बसल्या बदलला, चेहऱ्याचं थंबनेल काढून गढीचं लावलं, सुरुवातीला 'हा चित्रपट आहे, पात्रं काल्पनिक आहेत' अशी पाटी टाकायचं कबूल केलं. प्रश्नचिन्हांच्या जागी काकांचं नाव आलं. ताईंचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून घातलं नाही. चाल कशी चित्रित केली हे मात्र त्याखाली दोन ओळींत लिहिलं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

पूर्ण तोडगा हा नव्हेच. तो तुकडा तोवर कितीतरी जणांनी उचलून आपापल्या पानांवर टाकला होता. 'असली डाकीण' आजही कुठे ना कुठे फिरतेय. आयोजकांपैकी एक मुलगी दिसेल तिथे तक्रार नोंदवत बसते. काही उतरतात, काही नाही.

ताईंनी आपल्या बाजूनं जे केलं ते कुणी सुचवलं नव्हतं. अंगणवाडीतल्या मातांच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर मोबाइल ठेवला, अंगणात उलट्या चालल्या, एका पोरीकडून शूट करून घेतलं आणि तो व्हिडिओ उलटा करून दाखवला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करतात, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त इथे चमत्कार करणारी बाई स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. बायका हसल्या, दोघीतिघी स्वतः उलट्या चालून पाहू लागल्या. एका घरचं पोर परत यायला लागलं. दुसऱ्या घरची आजी म्हणाली, खरी डाकीण बी असंच सांगी. ते पोर अजून घरीच खातं.

खेळ झाला. काका छोटा हत्ती भरून माणसं घेऊन आले. ताई आल्या नाहीत. त्यांचा आवाज, चेहऱ्याशिवाय, चालीच्या प्रसंगाआधी ऐकवला: पाय पाहा, वाफ पाहा. त्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. चपलेला नेहमीसारखाच दंगा.

हिशेब

राहिला पैशाचा प्रश्न, जो या सगळ्यांच्या आठवणींत थंडीच्या खालोखाल आहे. दिग्दर्शकांच्या वहीत शेवटच्या पानावर काकांच्या नावापुढे रात्री मांडलेल्या, त्याखाली 'बाकी'. ताईंच्या नावापुढे आकडाच नाही. 'साडी' एवढंच लिहिलंय. चीक लागलेली साडी त्यांना मानधन म्हणून दिली होती.

पोराच्या चॅनेलला या चित्रपटावर थोडं उत्पन्न मिळालं आहे. निर्मात्याचा मुलगा म्हणतो हक्क आमचा, पोरगा म्हणतो मेहनत माझी. काकांनी दोघांना सांगितलं की माझे दीडशेच्या भावानं होतात तेवढे द्या, व्याज नको. ते मिळाले. ताईंनी भाव वेगळा लावला. उलटं चालण्याची कल्पना त्यांची, म्हणून दिग्दर्शकाच्या वाट्यातला काही भाग त्यांना हवा आहे. दिग्दर्शक राजी आहेत. अडलंय ते निर्मात्याच्या मुलापाशी. हिरो मधल्या काळात दुसऱ्या भागाची जुळवाजुळव करू लागले आहेत, आणि त्यांनी ताईंना विचारलं तेव्हा उत्तर लेखी आलं: काम करीन, पण डाकिणीचं नाही, भगताचं. मानधन आधी, आणि शेवटची नावं पहिल्या डिस्कवर. डिस्क आता नसतात, हे हिरोंनी त्यांना कळवलं आहे.